हरबट साहेबाची पणती

"आधी डोळं बघा, मग काय ते इच्यारा."

आक्कांचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि टेबलावर वाकून चेहरा माझ्यासमोर धरला. सत्तरी ओलांडलेला, माणच्या उन्हानं रापलेला धनगर बाईचा चेहरा, आणि त्यात ते दोन घारे डोळे. घारे म्हणजे अगदी फिकट, पावसाळ्यात तळ्याचं पाणी दिसतं तसे करडे-हिरवे.

मी साताऱ्यात कोर्टाजवळच्या एका गाळ्यात मोडी वाचून देतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर हा उद्योग लागला. माझ्याकडं येणाऱ्याला दाखला हवा असतो. पणजोबाच्या नावापुढं जात काय लिहिली आहे तेवढंच त्याला बघायचं असतं. हवा तो शब्द सापडला की माणूस पेढे आणतो, नाही सापडला की माझ्या डोळ्यांवर संशय घेतो. तुम्ही अशा ठिकाणी तासभर बसलात तर तुमच्याही लक्षात येईल, की आपल्या पूर्वजावर प्रेम म्हणून कुणी येत नाही.

म्हणून मी आक्कांनाही विचारलं, "कुठला दाखला काढायचाय?"

"दाखला न्हाई. माझ्या पणजीचं लगीन झालं हुतं का न्हाई, तेवढं बघायचंय."

मग त्यांनी हकीकत सांगितली. आक्कांच्या वडिलांचे आजोबा म्हणजे एक गोरा साहेब. त्याचं खरं नाव काय असेल ते असो, माणच्या तोंडात तो हरबट साहेब. पाचगणीला बंगले उठायच्या आधी तो त्या डोंगरावर राहायला आला होता. त्यानं आगबोटीतून परदेशी एडके, म्हणजे मेंढे, आणले. आपल्याकडच्या मेंढरांची लोकर जाडीभरडी, ती सुधारायची असा त्याचा बेत होता. एडके घेऊन तो डोंगर उतरून दुष्काळी मुलखात आला. एडके पहिल्याच उन्हाळ्यात मेले. साहेब मात्र राहिला.

"मेंढरं सुधाराय आला नि सोताच सुधारून बसला," आक्का म्हणायच्या. हे वाक्य त्यांच्या घरात चार पिढ्या चाललेलं असणार, कारण ते म्हणताना त्या क्षणभर दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलायच्या.

साहेब धनगरांच्या ज्या वाड्यावर राहिला तिथली कोंडाई ही आक्कांची पणजी. तिला साहेबापासून एक मुलगा झाला. मुलगा लहान असतानाच साहेब तापानं गेला. कोंडाई मूल घेऊन भावाकडं परतली आणि पोराला मामाचंच आडनाव लागलं. इथवर सगळ्यांना ठाऊक. आणि पोराला मामाचं आडनाव लागलं, म्हणूनच गावानं ठरवून टाकलं की कोंडाई साहेबाची लग्नाची नव्हती, ठेवलेली होती.

ते डोळे मात्र पिढीत एकाला तरी यायचेच. आक्कांच्या पिढीत ते आक्कांना आले. गावातली पोरं "ए हरबट्याची!" म्हणून ओरडायची. लग्न झालं, नवरा मुंबईत हमालीला, त्या सासूपाशी. चूल पेटायला उशीर झाला तरी सासू म्हणायची, "ठेवलेलीची अवलाद, हिला घर कशाला म्हाईत!" मूलबाळ झालं नाही. नवरा मुंबईतच वारला. आक्का माघारी भावाकडं आल्या आणि मेंढरांमागं फिरत म्हाताऱ्या झाल्या.

"मला लोकं काय बी बोलली तर चाललं," त्या म्हणाल्या. "पर तिला बोलत्यात, नि ती बिचारी उत्तर द्यायला न्हाई."

मी सांगितलं, कागद असेल तर वाचीन, कागदच नसेल तर काय वाचू? आक्का उठल्या. "मग आपून कागूद हुडकू," म्हणाल्या. त्या 'आपण'मध्ये मी कधी गेलो ते मला कळलंच नाही.

पुढची दीड-दोन वर्षं त्या महिन्यातून एकदा दहिवडीहून एसटीनं यायच्या. घरी सांगून यायच्या, "डोळं दावाय जाते." भावाला वाटायचं मोतीबिंदूचं काहीतरी चाललंय. "लबाडी न्हाई," मला म्हणायच्या, "तुमाला पयल्या दिशी डोळंच दावलं की!"

साहेबाला मेल्यावर तिथंच नेलं असेल या आशेनं एकदा आम्ही पाचगणीच्या जुन्या गोऱ्या लोकांच्या दफनभूमीत गेलो. शेवाळलेले दगड, काहींवर अक्षरं, बरेचसे कोरे. आक्का एकेका दगडावर तळहात ठेवायच्या आणि विचारायच्या, "ह्यो?" मी नाव वाचून म्हणायचो, "नाही." असे चाळीसेक दगड झाले. त्यात दोन-तीन वर्षांच्या लेकरांचेच किती होते! मग आक्कांनी कमरेची पिशवी सोडून चिमूटभर भंडारा काढला आणि एका बिननावाच्या दगडाला लावला.

"आक्का, हा तुमचा साहेब कशावरून?"

"नसंना. कुणाचा तरी असंलच की."

परतताना लोक घेतात म्हणून त्यांनीही स्ट्रॉबेरी घेतल्या. एक खाऊन तोंड वाकडं केलं. "आंबाट हायत. आमची बोरं बरी." पण उरलेल्या पदरात बांधल्या, भावाच्या नातीसाठी. या नातीला आक्कांनीच लहानाचं मोठं केलं होतं. पोरगी हुशार. दहावीला चांगले मार्क पडले होते आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिचेही डोळे घारे.

कागद अखेर आक्कांनीच शोधला.

माणपासून खाली जत-कवठ्यापर्यंत हेळवी लोक फिरतात, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्यांच्याकडं कुळांच्या वंशावळीच्या वह्या असतात. वर्षा-दोन वर्षांनी दारात येऊन हेळवी तुमच्या सात पिढ्या म्हणून दाखवतो आणि सूपभर दाणे घेऊन पुढच्या घरी जातो. आक्कांना लहानपणचं आठवलं, की त्यांच्या दारात उभा असलेला हेळवी वाचता वाचता एके ठिकाणी दोन पानं एकदम उलटायचा.

त्या वर्षी हेळवी आला तेव्हा त्यांनी त्याला आडबाजूला गाठलं. हेळवी चाळिशीचा, मोटारसायकलवरून फिरणारा. तो म्हणाला, "आक्का, आज्जानं आण घालून सांगितलंय. तुमच्या घराम्होरं ते पान उघडायचं न्हाई."

"मग माझ्या घराम्होरं नगं उघडू. तुझ्या घराम्होरं उघड."

त्यानं आपल्या वस्तीचा पत्ता सांगितला.

आम्ही दोघं जत तालुक्यात त्याच्या वस्तीवर गेलो. बोलण्यात निम्मी कानडी मिसळलेल्या त्याच्या आईनं आम्हाला ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. मग हेळव्यानं हात धुऊन लाल फडक्यातली वही काढली. ते पान मोडीत होतं आणि त्याला मोडी येत नव्हती. त्याच्या बापालाही आली नव्हती. दोन पिढ्या ते लोक एक पान नुसतं सांभाळत होते, आत काय आहे ते माहीत नसताना.

मी चष्मा पुसला. शाई फिकटलेली, पण हात वळणदार होता. मी वाचलं:

"कोंडाई इचे लग्न हरबट साहेब यासी. साहेबास कूळ नाही, सबब मुलीचे आतीचे नवऱ्याने मांडीवर घेऊन आपला मुलगा केला. बिरोबाचे देवळी अंगावर घोंगडे घालून, भंडारा उधळून लग्न लाविले. हेळव्यास एक मेंढी, एक कांबळे पावले."

आक्का वहीवर वाकल्या. मग म्हणाल्या, "पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"मांडीवर घेतला? यवढा सायब?"

"तसं लिहिलंय."

आक्कांना हसू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हंजी आतंचा ल्योक केला त्येला. आतंचा ल्योक नि मामाची पोरगी! आवं, रीतीतलं स्थळ झालं की गुर्जी! त्या लोकांनी रीत बी मोडली न्हाई, नि त्येला बी भाईर ठिवला न्हाई."

मग हेळव्यानं त्याच्या आज्याकडून ऐकलेलं सांगितलं. हे पान बंद करायला लावलं ते कोंडाईच्या मुलानंच. मोठा झाल्यावर त्याला गोऱ्याचा पोरगा म्हणवून घेण्याची लाज वाटू लागली. दारात हेळव्यानं साहेबाचं नाव घेतलं की लोक जमायचे. त्यानं वाचायचं बंद केलं, आणि वाचणारं कुणी उरलं नाही तेव्हा गावानं आपल्या मनानं पान भरलं.

माझी पद्धत अशी, की वाचलेलं देवनागरीत उतरवून खाली सही करून द्यायची. आक्कांना साक्षरतेच्या वर्गात जेमतेम सहीपुरतं शिकवलेलं, तरी म्हणाल्या, "मोठ्ठ्या अक्षरात लिवा." परतीच्या एसटीत तो कागद त्या उघडून उघडून बघत होत्या. त्यांचा बेत ठरला होता. बिरोबाच्या जत्रेला हेळव्याला बोलवायचं आणि सगळ्या गावासमोर माइकवर ते पान वाचायला लावायचं. "सासू मेली म्हून, न्हाईतर तिला म्होरं बसवली असती."

जत्रेला तीन महिने होते.

महिन्याभरानं आक्का अवेळी आल्या. बसल्या नाहीत. तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "गुर्जी, ह्या कागदानं पोरीचं नुस्कान हुईल का?"

नातीला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. तिच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी चालली होती. आणि कुणीतरी निनावी अर्ज केला होता, की हे कुटुंब धनगर नाही, गोऱ्या साहेबाचा वंश आहे. आता अधिकारी चौकशीला गावात येणार होते आणि घरातलं सगळ्यांत वयस्क माणूस म्हणून आक्कांचा जबाब घेणार होते.

शेजारच्या गाळ्यात वकील बसतात. नाव-गाव न सांगता मी त्यांना विचारून आलो. ते म्हणाले, साहेबाशी रीतसर लग्न झालं असेल तर मुलगा बापाचा धरतील, मग वाद वाढेल, कदाचित वर्षानुवर्षं चालेल. लग्न नसेल तर मूल आईचं, आईच्या जातीत वाढलं, प्रश्न मिटला. मी त्या मांडीवर घेतल्याचं सांगितलं. वकील हसले. "मास्तर, हेळव्याच्या वहीतलं दत्तक कोण मानणार?" खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण मी ते आक्कांना जसंच्या तसं सांगितलं. पुढं कितीदा वाटलं, की मी त्या दिवशी वकिलाकडं गेलोच नसतो तर.

आक्कांनी टेबलावरच्या कागदाची घडी घातली.

"भाऊ काय म्हणतात?" मी विचारलं.

"त्यो म्हंतो, आक्का, जे हाय ते सांगून टाक, म्हातारी ठेवलेली हुती म्हून. पोरगी तरंल. त्येला ह्या पानाचं ठावंच न्हाई. त्येला वाटतंय त्यो खरंच बोलाय सांगतूय."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर पोरगी घरी बसंल, न्हाईतर लबाड बोलाय लावलं म्हून त्यो जन्मभर सोताला खाईल. नगं." त्यांनी माझा हात धरला. "तुमी बी सांगायचं न्हाई. बिरोबाची आण हाय."

मी आण घेतली. आता भाऊही राहिले नाहीत, आणि मी गावाचं नाव किंवा आडनाव लिहीत नाही, म्हणून एवढं तरी सांगतो आहे.

चौकशीच्या दिवशी मीही तिथं होतो. घरातली एक जुनी मोडी पावती वाचून दाखवायला भावानंच बोलावलं होतं, कोर्टाजवळचा मोडी वाचणारा म्हणून; आक्कांची माझी ओळख त्यांना ठाऊक नव्हती. अंगणात बाभळीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. भावकीतले आठ-दहा लोक, दारात ती नात. अधिकारी तरुण होते, सौम्य होते. त्यांनी देव विचारला, लग्नातल्या रीती विचारल्या. आक्कांनी सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी कागद पालटला.

"आजी, अर्जात लिहिलंय की तुमचे पणजोबा इंग्रज होते."

"हुते की. डोळं सांगत्यातच."

लोक हसले. अधिकारीही हसले.

"मग तुमच्या पणजीचं त्यांच्याशी लग्न झालं होतं का?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. भावाकडं बघितलं नाही. त्या दारातल्या पोरीकडं बघत होत्या.

"न्हाई."

"नक्की?"

"कसलं लगीन! ठेवलेली हुती."

भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली, जणू आपलं म्हणणं अखेर खरं ठरलं. अधिकाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सदर विवाह झालेला नव्हता. मूल आईच्या घरी, आईच्या जातीत वाढले. बरोबर ना, आजी?" मग कागद पुढं केला. आक्कांना सही येत होती; एरवी कुठंही संधी मिळाली की मोठ्या दिमाखानं करायच्या. त्या दिवशी त्यांनी अंगठा पुढं केला.

एसटीच्या फाट्यापर्यंत त्या मला सोडायला आल्या. रस्त्यात एकच बोलल्या.

"त्या लोकांनी परक्या माणसाला मांडीवर घेतलं, गुर्जी. मी आपल्या माणसाला ढकलून दिलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हातानं थांबवलं. गाडी आली. मी चढलो तेव्हा त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसून अंगठ्याची शाई मातीत घासत होत्या.

नातीचं काम झालं. ती शिकायला लागली. आक्का मात्र पुन्हा साताऱ्याला आल्या नाहीत. मी फोन केला की भावजय उचलायची आणि म्हणायची, मेंढरांमागं गेल्यात. जत्रेलाही त्या देवळात गेल्या नाहीत, असं हेळव्याकडून कळलं. नंतर तो फेरीवर आला, दारात उभा राहून त्यानं पिढ्या म्हटल्या, तेव्हा आक्का घरात असून बाहेर आल्या नाहीत. "मी त्या पानापाशी जरा थांबलो, गुर्जी," तो मला म्हणाला. "वाटलं, हाक मारतील. मग दोन पानं उलटली."

पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. दुपारी मेंढरं झाडाखाली बसवली होती, तिथंच त्याही आडव्या झाल्या होत्या. मला पंधरवड्यानं कळलं.

मी भेटायला गेलो तेव्हा दिवस कलला होता. भाऊ वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, एकटेच बसले होते. आक्कांहून चार वर्षांनी लहान. मला बघून उठले, पुन्हा बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग जाळीची गाठ उगाच सोडत-बांधत ते म्हणाले,

"गुर्जी, एक इच्यारू? तुमी शिकलेलं हाय. आक्का तुमच्याकडं यायची, मला मागनं कळलं. त्या दिशी चार मानसांत ती बोलली, ती माझ्या सांगन्यावरनं. मी तिला लबाड बोल म्हनलो न्हाई. जे हाय ते सांग म्हनलो. पर त्यानंतर ती माज्याशी कवा धड बोललीच न्हाई. भाकर वाढली तर खायाची, नसली तर मागायची न्हाई." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ती बोलली ते खरंच हुतं न्हवं?"

तो उतरवलेला कागद माझ्या खिशात होता. आक्कांनी त्या दिवशी टेबलावर ठेवलेला तो मी जपून ठेवला होता. येताना घेऊन आलो होतो. कशासाठी, ते माझं मलाच नक्की ठाऊक नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "खरंच होतं."

त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मग ठीक हाय," म्हणाले. "मग म्हातारपनानंच असंल." थोड्या वेळानं ते उठले आणि मला न जेवता जाऊ देणार नाही म्हणाले. घरात पान मांडलं. बाजरीची भाकरी, कांदा, ताकातली आमटी. ते शेजारी बसून आग्रह करत होते. मी मान खाली घालून त्या घरची भाकरी खाल्ली.